षड्जाचं आंदोलन

टेबलावर ठेवलेली वस्तू हलत नाही, हा आपला समज. सेन्सरला तो मान्य नसतो. एमपीयू-६०५० नावाची चिप घ्या. लांबी-रुंदी ४ मिलिमीटर, जाडी त्याहून कितीतरी कमी. निळ्या पट्टीवर बसवलेली मिळते. ती संगणकाला जोडा, सपाट ठेवा आणि पडद्यावरून वाहणारे आकडे वाचत बसा. गुरुत्वाचा एक ‘जी’ म्हणजे १६३८४, असं तिचं माप. वस्तू स्वस्थ पडली आहे, पृथ्वीनेही आपलं काम सोडलेलं नाही, तेव्हा १६३८४ च्या खाली १६३८४ असा रकाना भरत जायला हरकत नव्हती. येतात मात्र १६२९१, १६४५०, १६३३८, १६५०२. आपण श्वास रोखून धरतो. आकड्यांची वरखाली काही थांबत नाही.

त्याच चिपच्या पोटात जायरोस्कोप असतो. आपण किती वेगाने वळतोय, हे सांगणं त्याचं काम. पडल्या जागी तो सेकंदाला २० अंशांपर्यंत चुकू शकतो, असं बनवणाऱ्यांनी स्वतःच माहितीपत्रकात छापून ठेवलं आहे. म्हणजे काहीही न करता अठरा सेकंदांत एक प्रदक्षिणा. ही चूक वजा करून अंशभर उरली, तरी सहा मिनिटांत प्रदक्षिणा होतेच. गंमत अशी, की या जायरोच्या आत सिलिकॉनचे बारीक तुकडे सेकंदाला सुमारे ३० हजार वेळा थरथरत ठेवलेले असतात. पट्टी वळली की कोरिऑलिसच्या नियमाने ती थरथर किंचित आडवी होते, आणि तो आडवेपणा मोजून जायरो ‘वळलो’ असं कळवतो. अहोरात्र कापणाऱ्याकडून आपण स्थिरतेचा दाखला मागायचा आणि मिळाला नाही की त्याच्यावरच चिडायचं.

हे सगळं आमच्या डोंबिवलीच्या घरात शिरलं ते सईमुळे. सई माझी भाची. शिकते इलेक्ट्रॉनिक्स आणि शनिवारी जाते गाण्याच्या बाईंकडे. या दोन्हींची गाठ पडणार हे आम्हाला आधीच कळायला हवं होतं. तिला हवी होती हातात धरायची एक कांडी. वायर नाही, पट्ट्या नाहीत. कांडी उचलली की सूर चढेल, खाली नेली की उतरेल, सावकाश नेली की मींड. आवाज काढायचा संगणकाने. “मामा, पेटीवर मींड येत नाही म्हणून तू जन्मभर कुरकुरतोस ना? मग ही घे,” म्हणाली. पेटीवाल्यांना हे बोलणं लागतं. अशाच कारणांसाठी आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती उठायला १९७१ उजाडलं.

असल्या कांड्यांचं कुळ तसं जुनं आहे. १९२० च्या सुमारास रशियात लेव तेर्मेनने हात न लावता वाजणारं वाद्य केलं. ते वाजवताना अंग जरा हललं तरी सूर हलतो, म्हणून वादकाला खिळून उभं राहावं लागतं. २००६ मध्ये निन्टेन्डोचा वी आला आणि घराघरांतले लोक टीव्हीसमोर हात झाडू लागले. त्या खेळाबरोबर टीव्हीवर ठेवायची एक पट्टी यायची, तिला सेन्सर बार म्हणत. तिच्यात सेन्सर एकही नव्हता, नुसते इन्फ्रारेड दिवे. बघणारा डोळा होता हातातल्या रिमोटमध्ये. पट्टी बिघडली की लोक टीव्हीवर दोन मेणबत्त्या लावत आणि खेळ बिनबोभाट चालायचा. यंत्राला आरती ओवाळून ते चालू झाल्याचं एवढं सज्जड उदाहरण दुसरं नसेल.

सईच्या कांडीत ९० अंशांत एक सप्तक बसवलं होतं. सप्तकाचे सेंट १२००, म्हणजे अंशामागे तेरा सेंट. आपल्याकडची लहानातली लहान श्रुती बावीस सेंटच्या आसपास येते. याचा अर्थ हात दोन अंश सुद्धा हलला नाही तोच एक श्रुती गेली. सेन्सरच्या नुसत्या वरखालीनेच अर्धाएक अंश इकडेतिकडे होत होता, त्यात पुढे आणखी काय काय मिसळलेलं निघालं ते येईलच. सईने कांडी दोन्ही हातांत घट्ट धरून पहिला षड्ज लावला. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “कुणाला थंडी वाजतेय का रे?”

बाईंना ध्वनिमुद्रण ऐकवलं. त्या डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “दरबारीतल्या गंधाराला आंदोलन असतं, हे मी तुला शिकवलं. षड्जाला कुणी शिकवलं?”

तिथून नॉईजची शोधाशोध सुरू झाली. अशा वेळी घरातल्या प्रत्येकाचा एक संशयित असतो. माझा संशय मालावर होता. पट्टी लॅमिंग्टन रोडवरून मीच आणली होती. त्या रस्त्याचं नाव बदलून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं त्याला किती वर्षं झाली, पण रेझिस्टर घ्यायला भडकमकर मार्गावर जातो असं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. दुकानदाराने विचारलं होतं, “ओरिजिनल देऊ की चालणारा?” असा प्रश्न जगात फक्त तिथेच विचारला जात असेल, आणि त्याला उत्तर देणं अवघडच. या चिपमध्ये ‘तू कोण’ असं विचारायची सोय आहे: एका ठरावीक जागेवरचा आकडा वाचायचा. अस्सल चिप हेक्साडेसिमलमध्ये ६८ असं उत्तर देते, नकलांपैकी काही दुसरंच काहीतरी सांगतात. आमचीने ६८ सांगितलं. तेवढ्यावरून कुणाचं कूळ सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. पण मालावरचा खटला तिथेच निकालात निघाला.

आईचा संशय वायफायवर होता. तिचा तो कायमच असतो, गुडघे दुखले तरी. या खेपेला ती सत्याच्या बरीच जवळ होती, आणि हे ती आम्हाला अजून विसरू देत नाही.

सईला संशयित नको होते, तिला आलेख हवा होता. सेन्सर सेकंदाला ५०० वेळा वाचायचा आणि आलेल्या आकड्यांत कोणत्या लयीची थरथर किती आहे, हे संगणकाकडून वेगळं काढून घ्यायचं. पडद्यावर एक सुळका उगवला, बरोबर ५० हर्ट्झवर. बघताक्षणी आमचं एकमत झालं: घरातली वीज! भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, ट्यूबलाइट गुणगुणते ती तिच्याच कृपेने. सईने कांडीला बॅटरी लावली. सुळका जागच्या जागी. मी मेन स्विच पाडला, तेही संध्याकाळी साडेसातला, ज्या वेळी आमच्याकडे मेन स्विच पाडणं म्हणजे गृहकलहाला निमंत्रण. अंधारात लॅपटॉपच्या पडद्यावर सुळका तसाच उभा, आणि बाहेरच्या खोलीतून मालिकेच्या कोणत्या प्रसंगाला वीज गेली याची सविस्तर माहिती.

सई बराच वेळ त्या सुळक्याकडे बघत बसली. मग तिने प्रोग्रॅममध्ये एकच आकडा बदलला. कांडी आपलं म्हणणं रेडिओवरून सेकंदाला ५० पॅकेटांनी पाठवत होती, ती तिने ४० केली. सुळका उठला आणि ४० वर जाऊन बसला. ३० केली, ३० वर. मला हा क्षण फार आवडला. कुठल्या डिटेक्टिव्ह कथेत गुन्हेगार इतक्या आज्ञाधारकपणे हाक मारली की पुढे येतो? वीज निर्दोष सुटली. तिचा आणि पॅकेटांचा आकडा एक निघाला, हा निव्वळ योगायोग.

झालं होतं ते असं. कांडीतला ईएसपी-३२, म्हणजे तिचा वायफायवाला मेंदू, एरवी थोडक्यात भागवतो, पण वायफायवर पॅकेट सोडायच्या क्षणी २४० मिलिअँपिअरपर्यंत वीज ओढतो. ओढ लागली की ३.३ व्होल्ट खचतात, पॅकेट गेलं की पुन्हा वर येतात. सेन्सरच्या निळ्या पट्टीवर स्वतःचा छोटा रेग्युलेटर असतो खरा. पण त्याला काम करायचं तर वरून थोडी जास्त वीज मिळायला हवी. ३.३ मधून ३.३ काढायला सांगितलं की तो हात वर करतो आणि वरचे सगळे आचके खाली जसेच्या तसे सोडून देतो. सेन्सर बिचारा हललेला नव्हताच. त्याच्या पायाखालचा व्होल्ट हलत होता.

उपाय किरकोळ निघाला, आणि घरगुती यंत्रांच्या बाबतीत तो बहुधा असाच निघतो. सेन्सरच्या पट्टीला थेट लिथियमच्या सेलवरून वीज दिली, म्हणजे तिच्या रेग्युलेटरला कमवायला काहीतरी उरलं. रेडिओच्या पायाशी १०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि बाजूला एक चपटा १०४, दोघं मिळून ओढीच्या क्षणापुरती उसनवारी करायला. जंपर वायरी टाकून आखूड तारा सोल्डर केल्या. सोल्डरिंगच्या वेळी मला बॅटरी धरून उभं केलं होतं, उजेडाची. सगळा खर्च चहाच्या कपाच्या आत. पण त्याआधी सईच्या वर्गमित्रांनी तिला एकमुखाने एकच सल्ला दिला होता: काल्मन फिल्टर लाव. रुडॉल्फ काल्मनने १९६० मध्ये मांडलेलं हे गणित अपोलोच्या यानांना चंद्रापर्यंत वाट दाखवायला वापरलं गेलं, त्यामुळे त्याच्याबद्दल मी वावगं बोलणार नाही. पण व्होल्ट खचत असताना चांद्रयानाचं गणित लावणाऱ्या मंडळींबद्दल मला जरूर बोलायचंय. गणिताने सुळका पुसला असता, कुणाला पत्ता लागला नसता, आणि बॅटरी उतरत आली की तो दुसऱ्याच रूपात उपटला असता.

मोठा सुळका गेल्यावर लहान दिसू लागले. बाराच्या किंचित अलीकडे एक टेंगूळ होतं, कधी असायचं, कधी नसायचं. ते भिंतीपलीकडच्या वॉशिंग मशीनचं निघालं. मिनिटाला ७०० फेऱ्यांनी कपडे पिळले जात, त्याचे सेकंदाचे होतात जवळजवळ पावणेबारा. ताईच्या साड्या पिळल्या जाताहेत की नुसते पंचे, हेही आलेखावरून ओळखता येईल, असा सईचा दावा होता. तो आम्ही तपासला नाही. वरच्या मजल्यावर मायक्रोवेव्ह लागला की मात्र सूर मधूनच तुटायचा. तो चालतो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास आणि आमचं वायफायही त्याच गल्लीत. म्हणजे वर दूध तापलं की खाली पंचमाचा तुकडा गायब. यावर इलाज एवढाच, की पॅकेट हरवलं तर संगणकाने गप्प न बसता आधीचा सूर धरून ठेवायचा. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना मांडताना शास्त्रज्ञांनी रेडिओच्या दृष्टीने शांत जागा मुद्दाम शोधली. डोंबिवलीत ती चैन नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये वायफायची नावं मोजायला लागलं तर पडदा सरकवत जावं लागतं, आणि त्यातलं एक ‘पासवर्ड विचारू नये’ असं आहे.

एवढं करूनही आलेखाची सरळ रेघ होत नाही. तळाशी एक बारीक गवत उरतं, त्याला काही इलाज नाही. चिपमध्ये टांगलेल्या सिलिकॉनच्या इवल्याशा वजनावर आतल्या वायूचे रेणू आदळत असतात. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राऊनला पाण्यातले सूक्ष्म कण उगाच धावपळ करताना दिसले आणि १९०५ मध्ये आइन्स्टाईनने त्याचा हिशेब मांडला, तोच हा प्रकार. खोलीत ऊब आहे तोवर तो चालणार. डोंबिवलीत मेमध्ये तो कमी होईल अशी आशाच नको.

मग कांडी हातात घेतली, आणि आठ ते बारा हर्ट्झच्या मध्ये आडवा डोंगर उभा राहिला. वॉशिंग मशीन बंद होतं. सईने कांडी टेबलावर ठेवली, डोंगर गेला, उचलली, आला. माझ्या हातात दिली, तर माझा तिच्यापेक्षा मोठा. प्रत्येक धडधाकट माणसाचा हात सतत एवढ्याच लयीत थरथरत असतो, डोळ्यांना दिसत नाही इतकाच. चहा प्यायल्यावर थोडा जास्त. सईने घरातल्या सगळ्यांचे आलेख काढले, चहाआधी आणि चहानंतर, आणि दोन दिवस जेवणाच्या टेबलावर कुणाचा हात किती कापतो यावर जे काही बोललं गेलं ते छापण्यासारखं नाही.

आता फिल्टरला पर्याय नव्हता. हाताला कपॅसिटर लावता येत नाही. कल दोन तोंडांनी कळतो. ॲक्सेलेरोमीटर गुरुत्वावरून सांगतो, जायरो वळण्याच्या बेरजेवरून. दोघं म्हणजे गावाकडची खबर आणणारे दोन नातेवाईक. जायरो हे धाकटे काका: आत्ता काय घडलं ते बिनचूक सांगणार, पण संध्याकाळपर्यंत तीच गोष्ट सांगता सांगता पार दुसऱ्या गावाला नेऊन ठेवणार. ॲक्सेलेरोमीटर हे थोरले आजोबा: क्षणोक्षणी दचकणार, पण दिवसाअखेर त्यांचं म्हणणं सकाळचंच. धाकट्यांचं अठ्ठ्याण्णव टक्के ऐकायचं, थोरल्यांचं दोन टक्के, आणि ते दोन टक्के न चुकता ऐकायचे, एवढाच या फिल्टरचा मंत्र. यावर लोकांनी जाडजूड प्रबंध लिहिले आहेत. आमच्याकडे तो कोडच्या एका ओळीत मावला.

त्याने दिशा सुधारली, थरथर तेवढी गेली नाही. तिच्यासाठी सरासरी काढावी लागते, आणि सरासरी उशिराने येते. सेकंदाला ५०० वाचनं, त्यांतल्या मागच्या १०० ची सरासरी, म्हणजे षड्ज अगदी गुळगुळीत. पण हात हलल्यावर सूर जवळजवळ एक दशांश सेकंदाने निघतो. वादकाला दहावीस मिलिसेकंदांचा उशीरही खुपायला लागतो. इथे शंभर. तान घ्यावी तर हात घरी पोचलेला आणि सूर अजून दाराशी चपला काढतोय. सरासरी कमी केली की तान धावते आणि षड्जाला पुन्हा हुडहुडी.

यातून वाट काढणारी एक सुंदर युक्ती २०१२ मध्ये तिघा संशोधकांनी सुचवली, नाव वन युरो फिल्टर. नावात स्वस्ताई आहे आणि कामातही: दोनच आकडे जुळवायचे. हात सावकाश चालला असेल तेव्हा माणसाला थरथर खटकते, उशीर खटकत नाही; हात वेगात असेल तेव्हा उलटं. म्हणून हा फिल्टर हाताची गती बघतो, सावकाश हाताला भरपूर गाळणी लावतो आणि वेगवान हाताला मोकळं सोडतो. युक्ती शोधणाऱ्यांच्या मनात पडद्यावरचा कर्सर होता. पण आलापीत घोटावं, तानेत सोडून द्यावं, हे आमच्या बाईंनाही मान्य होण्यासारखं होतं. माझ्या मते या सगळ्या उद्योगात हुशारीची जागा हीच. बाकी सगळा शोध, हा मात्र विचार.

बाई स्वतः आल्या. कांडी उलटसुलट पाहिली, “फार हलकी आहे,” म्हणाल्या, आणि षड्ज लावला. सईने बाईंसाठी फिल्टर जरा जास्तच आवळून ठेवला होता, त्यांच्या वयाकडे बघून. सूर आला तो तारेत ओवल्याइतका सरळ. बाईंनी तो लांबवला, मध्यमाला जाऊन आल्या, पुन्हा लांबवला, आणि कांडी खाली ठेवली.

“सुरात आहे,” त्या म्हणाल्या. “पण याची जवारी कुणी खरवडून काढली?”

बाईंचा तंबोरा मिरजेचा. मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते, स्वतःच बनवला असल्याच्या थाटात. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, अगदी केसभर. तार घोडीला हलकेच घासत राहते आणि एका सुरातून अनेक सुरांची भणभण उठते, तीच जवारी. दोरा काढा, सूर तोच राहतो आणि तंबोरा ठार होतो. आमची आठवडाभराची मेहनत म्हणजे नेमका तो दोरा काढून टाकणं होतं, असं बाईंचं म्हणणं पडलं. सईला ते पटलं नाही. जवारीत मुळाच्या सुरावर त्याचेच वरचे सूर चढतात, तर हाताची थरथर हा बाहेरचा गोंधळ, दोघांचं गणित वेगळं, असं ती बाईंना रेघा काढून दाखवायला लागली. शास्त्राप्रमाणे ती बरोबर होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरं. तर थोडं गणित कमी कर.”

सईने फिल्टर सैल केला. बाई म्हणाल्या, आणखी. पुढच्याला फार झालं म्हणाल्या. मग मागे, मग किंचित पुढे. असं बरंच चालल्यावर सईने वैतागून कांडीच्या बुडाला एक नॉब बसवला, ज्याने त्याने आपली थरथर आपण ठरवावी म्हणून. पोटेन्शिओमीटर घरातच पडलेला होता. नावाची चिठ्ठी बाईंनी स्वतः लिहिली, ‘जवारी’, आणि पारदर्शक टेपने चिकटवली.

आता अडचण एवढीच, की पोटेन्शिओमीटरचं व्होल्टेज वाचायचं काम ईएसपी-३२ च्याच ज्या भागाकडे आहे, तो भाग नॉईजसाठी बदनाम. नॉबला हात न लावता त्याचा आकडा वरखाली होतो, आणि जवारी आपली आपण कमी-जास्त होते. बाई म्हणतात, हे अगदी तंबोऱ्यासारखं झालं, असू दे. सई कपॅसिटर शोधतेय.